ऱ्हस्वदृष्टी व दृष्टिमापन

ऱ्हस्वदृष्टी (निकटदृष्टिता, व्यवहारात ‘मायनस नंबर’ किंवा ‘लांबचा नंबर’) : दूरच्या वस्तूकडून येणारे समांतर किरण दृष्टिपटलावर (डोळ्याच्या मागच्या पडद्यावर) न मिळता त्याच्या अलीकडेच एकत्र येतात, अशा दृष्टिदोषाचे हे नाव. दूरचे धूसर दिसते, जवळचे स्पष्ट. नावांमुळे मराठीत एक घोटाळा होतो, तो आरंभीच दूर केलेला बरा. पाठ्यपुस्तके दोषाला काय दिसते यावरून नाव देतात, म्हणून ‘निकट’. लोक चष्मा कशासाठी लागतो यावरून नाव देतात, म्हणून ‘लांबचा’. दोष एकच. चाळिशीनंतर येणारा ‘जवळचा नंबर’ ही वृद्धदृष्टिता असून तिचा या दोषाशी संबंध नाही.

दृष्टिमापन : ‘डोळे तपासले’ असे म्हणताना दोन निराळी मापे एकत्र केली जातात. पहिले दृष्टितीक्ष्णतेचे, म्हणजे ६/६, ६/९, ६/६० (उच्चार ‘सिक्स बाय सिक्स’). दुसरे भिंगाच्या शक्तीचे, म्हणजे चष्म्याच्या चिठ्ठीवरील −१.२५, −३.०० हे डायॉप्टर. डोळ्याला किती बारीक ओळखता येते ते पहिले सांगते. कोणते भिंग लावले असता प्रतिमा दृष्टिपटलावर येईल ते दुसरे. एकावरून दुसरे काढण्याचे सूत्र नाही. मोतीबिंदूमुळे दृष्टी ६/६० असूनही नंबर जवळजवळ शून्य असू शकतो, आणि −८ चा चष्मा लावणारा त्यातून ६/६ वाचू शकतो. दूरदृष्टिता (‘प्लस नंबर’, किरण दृष्टिपटलाच्या पलीकडे मिळण्याचा उलटा दोष) असलेले मूल नेत्रभिंगावर ताण देऊन चष्म्याविना ६/६ वाचते. त्याला नंबर नाही असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. रेल्वेत सहायक लोको पायलटसारख्या पदांना चष्म्याविना ६/६ दृष्टी लागते आणि उमेदवाराची बहिर्वक्र भिंग लावूनही तपासणी होते, ती ही लपलेली दूरदृष्टिता उघडी पाडण्यासाठी.

अपूर्णांकातील वरचा अंक तक्त्यापासूनचे अंतर मीटरमध्ये देतो. खालचा अंक म्हणजे प्रमाण दृष्टीच्या माणसाला तेच अक्षर जितक्या मीटरवरून ओळखता येते ते अंतर. ६/१२ म्हणजे ‘निम्मी नजर गेली’ असा अर्थ रूढ आहे, पण तो बरोबर नाही; अक्षर दुप्पट मोठे लागते एवढाच त्याचा अर्थ. ६/६ ही परमावधीही नव्हे. निरोगी तरुण डोळे बहुधा ६/५ किंवा त्याहून बारीक ओळ वाचतात.

अक्षरतक्त्याचे श्रेय सामान्यतः यूट्रेक्टचे डच नेत्रतज्ज्ञ हेर्मान स्नेलेन यांना (१८६२) दिले जाते. ते सर्वस्वी अचूक नाही. हाइनरिख क्युखलर यांनी डार्मश्टाट येथे १८४३ मध्ये उतरत्या आकाराचे तक्ते प्रसिद्ध केले होते. रुग्णाने ओळी पाठ करू नयेत म्हणून त्यांनी तीन तक्ते केले, यावरून आजची ती अडचण तेव्हाही जाणवली होती असे दिसते. व्हिएन्नात एडुआर्ट येगर यांनी १८५४ मध्ये जवळून वाचण्याचे उतारे काढले, पण त्यांचे आकार छापखान्यातील खिळ्यांवर अवलंबून होते. स्नेलेन यांचे खरे काम आकाराला कोनाचे माप देण्याचे आहे, आणि त्या दृष्टीने त्यांचे श्रेय टिकते. पाच गुणिले पाच घरांची चौकट, प्रत्येक रेघेची जाडी एक घर. ठरलेल्या अंतरावर संपूर्ण अक्षर डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करते, एक रेघ १ मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा. दोन तारे सुटे दिसण्यासाठी त्यांच्यात निदान एवढा कोन हवा, हे निरीक्षण सतराव्या शतकात रॉबर्ट हुक यांनी नोंदवले होते. या हिशेबाने ६ मीटरवरील ६/६ चे अक्षर सुमारे ८.७ मिमी. उंच येते, आणि ६/६० चे त्याच्या दहापट. स्नेलेन यांनी हे काम यूट्रेक्टच्या नेत्ररुग्णालयात फ्रान्सिस्कस डोंडर्स यांच्या प्रेरणेने केले. डोंडर्स यांचा समायोजन (जवळचे पाहताना नेत्रभिंगाने शक्ती वाढवणे) व अपवर्तनदोष (चष्म्याचा नंबर लागणारे दोष) यांवरील ग्रंथ १८६४ चा. दोषांचे आजचे वर्गीकरण मुख्यतः त्यावर उभे आहे. डायॉप्टर हे एकक फ्रान्समधील फेर्दिनां मोनुआये यांनी १८७२ मध्ये सुचवले.

स्नेलेन तक्त्यातील एक उणीव फार काळ दुर्लक्षित राहिली. त्यातील आकार ६०, ३६, २४, १८, १२, ९, ६ असे असमान टप्प्यांनी उतरतात आणि वरच्या ओळीत एकच अक्षर असते. त्यामुळे दृष्टी अधू असलेल्यांचे माप सर्वांत ढोबळ होते, म्हणजे जिथे नेमकेपणा हवा तिथेच तो कमी. मेलबर्न येथे बेली व लव्ही यांनी १९७६ मध्ये प्रत्येक ओळीत पाच अक्षरे आणि ठरावीक गुणोत्तराने बदलणारा आकार असलेला लॉगमार तक्ता मांडला. त्यात ६/६ ला ०, तर ६/६० ला १. संशोधनात आता तोच वापरतात. दवाखान्यात स्नेलेन टिकून आहे.

देवनागरी तक्त्याचा प्रश्न वेगळा आहे. चौकटीचे तत्त्व रोमन मोठ्या अक्षरांसाठी घडले. देवनागरीत शिरोरेषा बहुतेक अक्षरांत सारखी असल्याने ओळखीचा भार उरलेल्या भागावर पडतो. ‘प’ आणि ‘ष’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातील फरक तर एका बारीक रेघेचा वा गाठीचा. एकाच उंचीची अक्षरे म्हणून सारखीच ओळखू येतील असे नाही. म्हणून समान कठीणतेची अक्षरे निवडल्याविना केलेल्या तक्त्यावरील मापाची तुलना इंग्रजी तक्त्याशी करताना सावध राहावे. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चार दिशांना तोंड फिरवलेला इंग्रजी ‘ई’ (E) वापरतात. शालेय तपासणीत शिक्षक प्राथमिक चाचणी याच चिन्हाने घेतात. लांडोल्ट यांचे फट असलेले वर्तुळ (१८८८) हा लिपीपासून मुक्त असा दुसरा पर्याय. भारताच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात (स्थापना १९७६) अंधत्वाची मर्यादा पूर्वी ६/६० होती. २०१७ पासून ती चांगल्या डोळ्यात ३/६० पेक्षा कमी अशी धरली जाते.

नंबराचा अर्थ दूरबिंदूवरून चांगला कळतो. १ या संख्येला डायॉप्टरने भागले की डोळ्याला आपोआप स्पष्ट दिसणारे सर्वांत लांबचे अंतर मीटरमध्ये मिळते. −२ असलेल्याला ५० सेंमी.पर्यंत, −४ असलेल्याला २५ सेंमी.पर्यंत. वर्गात दुसऱ्या बाकावर बसवल्याने −४ च्या मुलाला फळा दिसणार नाही, हे शिक्षकांच्या लक्षात यायला हवे. सहसा −०.५० वा त्याहून अधिक ऋण अपवर्तन असल्यास ऱ्हस्वदृष्टी म्हणतात. तीव्र ऱ्हस्वदृष्टीची सीमा काही −५, तर बहुतेक −६ मानतात. लहान मुलांच्या तपासणीत थेंब घालून समायोजन शिथिल करणे आवश्यक असते. तसे न केल्यास ताणलेले नेत्रभिंग खोटा वा वाढीव मायनस नंबर दाखवते.

कारणे : नवजात अर्भकाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिमी. असतो, प्रौढाचा सुमारे २४ मिमी. वाढीत ही लांबी आणि पारपटल (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) व नेत्रभिंगाची शक्ती यांचा मेळ राखला जातो. लांबी पुढे गेली की ऱ्हस्वदृष्टी येते, १ मिमी. जादा लांबीमागे ढोबळमानाने अडीच ते तीन डायॉप्टर. प्रश्न एवढाच की लांबी का वाढते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिमिराच्या (दृष्टी क्षीण होत जाण्याच्या विकाराच्या) वर्णनात दूरचे जवळ व जवळचे दूर भासण्याचा उल्लेख येतो. त्यात काहींनी अपवर्तनदोष पाहिला आहे. परंतु संदर्भ डोळ्याच्या पटलांतील (थरांतील) विकाराचा असल्याने तो वाढत्या तिमिराचे लक्षण मानणे अधिक सयुक्तिक वाटते. युरोपात ऱ्हस्वदृष्टीसाठी अंतर्वक्र भिंगाचा वापर बहुधा पंधराव्या शतकाच्या मध्यापासूनचा. त्याची प्रकाशशास्त्रीय उपपत्ती योहानेस केप्लर यांनी १६०४ मध्ये दिली. जेम्स वेअर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८१३ मध्ये लिहिले की पायदळ सैनिकांत हा दोष विरळ, तर ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयात १२७ पैकी ३२ जण भिंग वापरत. हेर्मान कोन यांनी १८६७ मध्ये ब्रेस्लाउ (आजचे व्रोत्सवाफ) येथे १०,०६० शाळकरी मुले तपासली आणि वरच्या इयत्तांत प्रमाण वाढत गेलेले दाखवले. दोष वाचनाचा, असा समज त्यातून घट्ट झाला.

विसाव्या शतकात मात्र बराच काळ आनुवंशिकतेचा पक्ष प्रबळ होता. त्याला बाध आला तो प्राण्यांवरील प्रयोगांनी. विझेल व राविओला यांनी १९७७ मध्ये माकडांच्या पापण्या शिवल्या तेव्हा स्पष्ट प्रतिमेस मुकलेला डोळा लांबला. पुढे कोंबडीच्या पिल्लांवर दिसले की दृष्टिपटलाचा जेवढा भाग अस्पष्ट राहतो तेवढ्यातच वाढ होते. सूचना मेंदूहून नव्हे, डोळ्यातच निर्माण होते. आनुवंशिक घटक खोटा ठरला नाही, शेकडो जनुकस्थाने त्याच्याशी जोडली गेली आहेत. परंतु पूर्व आशियात एक-दोन पिढ्यांत प्रमाण जितके वाढले तितक्या वेगाने जनुके बदलत नाहीत. ही वाढ स्मार्टफोन येण्याआधीच सुरू झाली होती, हेही ध्यानात घ्यावे.

सध्या सर्वांत भक्कम पुरावा उघड्यावर घालवलेल्या वेळेचा आहे. चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांत सिंगापूरला २९.१ टक्के व सिडनीत ३.३ टक्के प्रमाण आढळले (२००८). सिडनीची मुले आठवड्यात सुमारे १४ तास बाहेर असत, सिंगापूरची सुमारे ३. ग्वांगझोऊ येथे शाळेत रोज ४० मिनिटे बाहेरचा तास वाढवल्यावर तीन वर्षांत नवी ऱ्हस्वदृष्टी ३०.४ टक्के, तुलनेच्या शाळांत ३९.५ टक्के (२०१५). खोलीत काहीशे लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, मोकळ्या आकाशाखाली १०,००० च्या वर. या प्रकाशाने दृष्टिपटलात डोपामाइन हे रसायन स्रवते व लांबी आवरते, असा तर्क आहे. ड जीवनसत्त्वाचा तर्क मागे पडला आहे. बाहेरचा वेळ दोष सुरू होणे लांबवतो. सुरू झालेला नंबर रोखण्यात त्याचा उपयोग कमी दिसतो. जवळच्या कामाचा परिणाम नाकारता येत नाही, मात्र तो घरात बसण्यापासून वेगळा काढणे कठीण आहे. रात्री दिवा लावून झोपण्याचा १९९९ मधील निष्कर्ष पुढच्याच वर्षी इतरांच्या पाहणीत टिकला नाही. गाजर, पालक, अ जीवनसत्त्व यांचा संबंध रातांधळेपणाशी आहे, मायनस नंबराशी नाही.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज पालकांत खोल रुजलेला आहे आणि त्याने मुलांचे नुकसान होते. नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून. मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांत मलेशियात दोन वर्षांत −१.०० ची, तर पूर्ण नंबर दिलेल्यांत −०.७७ ची वाढ आढळली (२००२). नंतरच्या पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे नसले तरी पूर्ण चष्मा देणेच इष्ट.

भारतात ग्रामीण महबूबनगरमध्ये ४.१ टक्के, दिल्लीत ७.४ टक्के (दोन्ही २००२) आणि दिल्लीतीलच शाळांत १३.१ टक्के (२०१५) मुलांत दोष आढळला. वयोगट व पद्धती सर्वत्र सारख्या नसल्याने ही वाढीची सरळ रेषा मानू नये.

उपाय : चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स. वाढ मंद करण्यासाठी अल्प मात्रेतील ॲट्रोपिनचे थेंब (हाँगकाँगमध्ये ०.०५ टक्के मात्रा ०.०१ पेक्षा प्रभावी ठरली) व विशेष भिंगे डॉक्टरांच्या देखरेखीत वापरतात. लेझर शस्त्रक्रियेत पारपटलाची वक्रता बदलते, डोळ्याची लांबी तेवढीच राहते. म्हणून तीव्र नंबर असलेल्यांत दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू व पीतबिंदूचा (दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा) ऱ्हास यांचा धोका चष्मा गेल्यावरही कायम असतो आणि बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी करून घेत राहावी लागते.