पावसाचा अंदाज : दुष्काळाने शिकवलेली आकडेमोड

एप्रिलच्या मध्यावर ‘यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ अशी बातमी येते आणि कृषी केंद्रापासून बँकेपर्यंत सगळीकडे तिची चर्चा झडते. हा आकडा काढण्याची खटपट दीडशे वर्षांची आहे आणि ती दुष्काळांनी करायला लावली.

1864 मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपलं. पाठोपाठ 1866 आणि 1871 साली पावसाने दगा दिला. मग 1875 मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले. लगेचच 1876-78 चा महादुष्काळ आला. दख्खन त्यात होरपळलं.

उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरून बाष्प भरलेले वारे धावून येतात, हे आपण शाळेत शिकतो. ही मांडणी धूमकेतूवाल्या एडमंड हॅले यांनी 1686 मध्येच केली होती. पाऊस का येतो, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. तो का येत नाही, हे मात्र कळत नाही. दुष्काळी वर्षी जमीन उलट जास्तच तापते!

ब्लॅनफर्ड यांनी उत्तर हिमालयात शोधलं. तिथे बर्फ जास्त साठलं की उन्हाची उष्णता ते वितळवण्यातच खर्ची पडते, जमीन उशिरा तापते आणि पाऊस कमी होतो, असा त्यांचा तर्क होता. त्यावर बेतलेला पहिला रीतसर अंदाज 4 जून 1886 रोजी निघाला. पण पुढे 1899 मध्ये त्यांचे वारसदार जॉन इलियट यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि पडला तो गुजरात-राजस्थानात आजही ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ.

1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. ते मूळचे केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राशी संबंध नव्हता. बूमरँग फेकण्याचा नाद मात्र दांडगा. मला वाटतं, हवामानशास्त्राचं ओझं नसणंच त्यांच्या पथ्यावर पडलं. जगभरच्या केंद्रांवरच्या वायुदाबाच्या आणि पावसाच्या नोंदी मागवून त्यांनी कारकुनांना त्यांचे परस्परसंबंध काढायला बसवलं. यंत्रं नव्हती, सगळं हातानं. त्यातून दिसलं की पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरचा वायुदाब तराजूसारखा वरखाली होतो. एकीकडे वाढला की दुसरीकडे घटतो. याला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटलं. त्याचं एल निनोशी, म्हणजे पॅसिफिकचं पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा जास्त तापण्याशी असलेलं नातं 1960 च्या दशकात हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्येर्कनेस यांनी उलगडलं.

खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकरांसाठी अजूनही ‘सिमला ऑफिस’च आहे. मुख्यालय 1944 मध्ये दिल्लीला गेलं, पण दीर्घकालीन अंदाजाचं काम पुण्यातच राहिलं. 1988 मध्ये डॉ. वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने अंदाज काढण्याचं सोळा घटकांचं गणिती प्रारूप आलं आणि बरीच वर्षं त्याने अब्रू राखली. 2002 साली मात्र अंदाज 101 टक्क्यांचा होता आणि पाऊस पडला 81 टक्के. जुलै तर निम्मा कोरडा गेला. पुढच्याच वर्षी प्रारूप बदललं. आता महासागर आणि वातावरण एकत्र धरून महासंगणकांवर गणितं सोडवली जातात.

बातमीतली टक्केवारी असते ती सबंध देशाच्या जून ते सप्टेंबरच्या सरासरीची, म्हणजे सुमारे 87 सेंटिमीटरची. देशात 96 ते 104 टक्के पाऊस झाला की खातं त्याला ‘सामान्य’ म्हणतं, मग त्याच वर्षी माण-खटावात टँकर का फिरेनात.