मुळा-मुठेचे मासे आणि जर्नलचा फॉर्म: इकॉलॉजीच्या पेपरला इतक्या अटी का?

इकॉलॉजीच्या जर्नलला पेपर पाठवायला बसलं की आधी फॉर्म समोर येतो. ओळींना क्रमांक, दुप्पट अंतर, नावं काढलेली प्रत, नावांचं वेगळं पान, कव्हर लेटर, वनखात्याच्या परवानगीचा क्रमांक, नमुने कुठे जमा केले, कच्चा डेटा कुठे ठेवला, कोणत्या लेखकाने नेमकं काय केलं. पुण्यात एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्याला हा कारकुनी जाच वाटतो, आणि थोडा आहेही. पण यातला जवळजवळ प्रत्येक रकाना कुठल्या तरी जुन्या फजितीतून आलेला आहे. ती फजिती माहीत असली की रकान्यात काय भरायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

सुरुवात पुण्याच्या नद्यांपासून करता येते. विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी १८२४ मध्ये मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी झाला आणि दख्खनभर फिरला. त्याची पक्ष्यांची यादी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने १८३२ मध्ये छापली, माशांवरचा निबंध थोडक्यात १८३९ मध्ये, सविस्तर १८४१ मध्ये. चाकणजवळच्या इंद्रायणीतला नुकटा मासा शास्त्राच्या दप्तरी आला तो याच निबंधातून. पण साइक्सने वर्णन केलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज कुठल्याही संग्रहात सापडत नाहीत. उरली ती वर्णनं आणि चित्रं. त्यामुळे ‘मुसुल्लाह’ म्हणून त्याने नेमका कोणता मासा वर्णिला, यावर दीडशेहून अधिक वर्षांनीही पेपर लिहिले गेले. बाटलीत एक मासा राहिला असता तर वादाला जागाच नव्हती.

म्हणून आज संपादक व्हाउचर नमुन्याचा, म्हणजे पुरावा म्हणून संग्रहात जमा केलेल्या नमुन्याचा, क्रमांक मागतो. पुण्यात ही सोय हाताशी आहे: कोरेगाव पार्कजवळ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह), गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संस्थेचं हर्बेरियम, आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र. वनस्पतीची फुला-फळांसह किमान दोन-तीन शीट, म्हणजे कागदावर चिकटवलेले वाळवलेले नमुने, करावीत. लेबलवर संग्राहकाचा क्रमांक, तारीख, अक्षांश-रेखांश आणि ते कोणत्या डेटमवर (मोजणीच्या संदर्भ-चौकटीवर) घेतले ते, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि अधिवास लिहावा. कोरड्या शीटवर फुलाचा रंग टिकत नाही, तो जागेवरच टिपावा. चूक होते ती वेळेची. पेपर लिहून झाल्यावर लोक हर्बेरियमचा दरवाजा ठोठावतात, नोंदणीला वेळ लागतो, आणि मजकुरात ‘क्रमांक प्रतीक्षेत’ असं जातं. ते वाचून संपादक पेपर परत करतो. नमुने जमा करणं हे क्षेत्रकामाचं शेवटचं पाऊल आहे, लेखनाचं नव्हे.

नवी प्रजाती असेल तर हा नुसता शिष्टाचार राहत नाही. जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती अधिकृत संग्रहालयाला कळवावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. नामकरणाचे नियमही बदललेत. १ जानेवारी २०१२ पासून वनस्पतीच्या वर्णनाला लॅटिनची सक्ती नाही, इंग्रजी चालतं. प्राण्यांची नावं फक्त ऑनलाइन जर्नलमध्ये छापायची सवलतही २०१२ मध्येच मिळाली, मात्र झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी झाल्याचा पुरावा त्या पेपरातच छापलेला हवा. तो राहिला तर छापील अंक नसलेल्या जर्नलमधलं ते नाव ग्राह्य धरलं जात नाही, मग वर्णन कितीही उत्तम असो.

साइक्सच्या काळी मजकूर बोटीने लंडनला जायचा. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये निघाली आणि १८८६ पासून तिचं जर्नल सुरू झालं, तेव्हा पश्चिम भारतातल्या नोंदींना घरचं ठिकाण मिळालं. ‘इकॉलॉजी’ हा शब्द हेकेलने १८६६ मध्येच घडवला होता, पण त्या विषयाचं स्वतंत्र जर्नल ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीने १९१३ मध्ये काढलं, आणि अमेरिकन सोसायटीचं ‘इकॉलॉजी’ १९२० मध्ये आलं. तोवर निसर्गनोंद आणि इकॉलॉजीचा पेपर यांत फारसा भेद नव्हता. तो भेद कसा पडला हे १९४२ या एका वर्षात स्पष्ट दिसतं.

त्या वर्षी मुंबईच्या जर्नलमध्ये फ्रेझर नावाच्या लेखकाची पुण्याच्या माशांची यादी आली. कुठला मासा कुठे मिळतो, एवढंच. त्याच वर्षी ‘इकॉलॉजी’मध्ये रेमंड लिंडमनचा पेपर आला: मिनेसोटातल्या एका तळ्यात ऊर्जा एका अन्नपातळीतून दुसऱ्या पातळीत कशी जाते, याचा हिशेब. दोन्ही परीक्षकांनी, म्हणजे छापण्याआधी पेपर वाचून मत देणाऱ्या तज्ज्ञांनी, तो नाकारायची शिफारस केली होती. सिद्धांत फार, तळं एकच, आकडे अपुरे, असा त्यांचा सूर. लिंडमनचे मार्गदर्शक हचिन्सन यांनी संपादक टॉमस पार्क यांना पत्र लिहिलं, पार्क यांनी परीक्षकांचं मत बाजूला ठेवून पेपर घेतला. छापून आला तेव्हा लिंडमन हयात नव्हता. जूनमध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी तो गेला. परिसंस्थेचा अभ्यास पुढे ज्या वाटेने गेला ती याच पेपरची.

आज जर्नल निवडताना हा फरक आधी पाहावा लागतो. ‘पुणे जिल्ह्यातली पहिली नोंद’ किंवा प्रजातींची यादी घेऊन सर्वसाधारण इकॉलॉजी जर्नलकडे गेलं तर परीक्षकापर्यंतही मजल जात नाही, संपादक टेबलावरूनच परत करतो. याचा अर्थ यादी कमी दर्जाची असा लावू नये. २००३ मध्ये मुळा-मुठेतल्या माशांचा नवा आढावा झूज प्रिंट जर्नलमध्ये आला, तेव्हा नदीने काय गमावलं हे मोजायला आधार होता तो फ्रेझरच्याच यादीचा. यादीला यादीचं जर्नल हवं, प्रश्नाला प्रश्नाचं. एकाच कामातून दोन्ही निघू शकतं. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांच्या देवरायांवरच्या कामाचे पेपर १९७५ मध्ये मुंबईच्या जर्नलमध्ये आणि १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’त आले, वाचक वेगळा, म्हणून मांडणीही वेगळी. तोच मजकूर दोन ठिकाणी पाठवणं ही मात्र निराळी गोष्ट, ते गैरवर्तन आहे.

सगळ्यांत जास्त पेपर अडतात ते नमुनासंख्येवर, आणि याचं मूळ १९८४ मध्ये आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी ‘इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स’मध्ये १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले आणि दाखवून दिलं की त्यांतल्या २७ टक्के अभ्यासांत पुनरावृत्ती खोटी होती, म्हणजे एकाच जागेचे अनेक नमुने स्वतंत्र म्हणून मोजले होते. ज्यांनी सांख्यिकी चाचण्या वापरल्या त्यांच्यात हे प्रमाण ४८ टक्के निघालं. या दोषाला त्यांनी स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं आणि तेव्हापासून परीक्षक पद्धतीचा भाग भिंग लावून वाचू लागले.

दोष नेमका कुठे असतो? समजा, उंदीरमारी उर्फ ग्लिरिसिडियाच्या लागवडीखाली गवताच्या प्रजाती कमी होतात का, हे पाहायचं आहे. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या लागवडीत एक मीटर बाय एक मीटरचे २० क्वाड्रॅट (मोजणीचे चौकोन) टाकले, तळजाईच्या उघड्या माळावर २० टाकले, दोन सरासरींची तुलना करणारी टी-टेस्ट लावली, फरक ‘लक्षणीय’ आला. इथे नमुनासंख्या ४० नाही. लागवड एका टेकडीवर, माळ दुसऱ्या टेकडीवर, म्हणजे प्रत्येक बाजूला एकच. मातीची खोली, उतार, वणवा, चराई, फिरायला येणाऱ्यांची वर्दळ यांतल्या कशानेही तो फरक पडला असेल. क्वाड्रॅट २०० केले तरी उत्तर सुधारत नाही, फक्त चुकीच्या उत्तरावरचा विश्वास वाढतो. उपाय क्षेत्रकामाआधी करायचा: पाच-सहा किंवा अधिक टेकड्या घ्या, प्रत्येकीवर लागवडीचा आणि उघडा असे दोन्ही तुकडे निवडा, दोन्हींत सारखेच क्वाड्रॅट टाका, आणि विश्लेषणात टेकडी हा यादृच्छिक घटक धरा. दोनच टेकड्या असतील तर असा घटक धरणारं मिश्र मॉडेलही वाचवत नाही, कारण दोन टेकड्यांवरून टेकड्या-टेकड्यांमधला फरक अंदाजताच येत नाही. अशा वेळी दावा आवरता घ्यावा: ‘या दोन ठिकाणी असं दिसलं’. असा प्रामाणिक पेपर छोट्या जर्नलमध्ये निघतो. फुगवलेला कुठेच नाही.

क्वाड्रॅटचा आकार सवयीने ठरतो, गवताला एक मीटर, झुडपांना पाच, झाडांना दहा. तो का निवडला हे एका वाक्यात लिहा. पावसाळ्यात कोणत्या आठवड्यात मोजणी केली हेही लिहा. पुण्याच्या माळावर ऑगस्टची यादी आणि नोव्हेंबरची यादी एक नसते, परदेशातल्या परीक्षकाला ते ठाऊक नसतं.

डेटा जमा करायची अट त्या मानाने ताजी. उत्क्रांती आणि इकॉलॉजीच्या काही जर्नलांनी २०११ च्या सुमारास एकत्र येऊन ती घातली, ब्रिटिश सोसायटीच्या जर्नलांनी २०१४ पासून. कारण साधं होतं: जुन्या लेखकाला पत्र लिहून डेटा मागितला की उत्तर येई, ‘तो संगणक आता नाही’. फाइल सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्यात) द्यावी, एका ओळीत एकच नोंद, सोबत प्रत्येक स्तंभाचं नाव आणि एकक सांगणारी रीडमी फाइल. सर्वाधिक घोटाळा रिकाम्या चौकटीत होतो. प्रजाती नव्हती तर शून्य, मोजलीच नाही तर एनए (‘उपलब्ध नाही’). दोन्ही रिकामं सोडलं तर वर्षभराने खुद्द लेखकालाही उलगडा होत नाही. एक्सेल तारखा आपल्या मनाने फिरवतं, म्हणून दिवस, महिना, वर्ष वेगळ्या स्तंभांत ठेवावं. चोरून खणल्या जाणाऱ्या ऑर्किडसारख्या वनस्पतींचे अक्षांश-रेखांश मात्र मुद्दाम ढोबळ द्यावेत आणि तसं केल्याचं लिहावं.

नकाशाबद्दल जाता जाता: सॉफ्टवेअरसोबत आलेल्या भारताच्या सीमा बहुधा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नाहीत, आणि हे छापून झाल्यावरच लक्षात येतं.

परीक्षणाची रीत वाटते तितकी जुनी नाही. रॉयल सोसायटीने लेखी अहवाल १८३० च्या दशकात सुरू केले खरे, पण ‘नेचर’ने बाहेरच्या परीक्षकांची सक्ती केली ती १९७३ मध्ये. लेखकाचं नाव परीक्षकाला न सांगण्याची पद्धत इकॉलॉजीजवळच्या जर्नलांत पुढे आली ती ‘बिहेवियरल इकॉलॉजी’ने २००१ मध्ये ती स्वीकारल्यावर. आजही नाव फुटतं ते किरकोळ जागांतून: वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमधून, आभारातून, किंवा ‘आमच्या आधीच्या पेपरात’ अशा एका वाक्यातून. परीक्षक सुचवताना संस्थेचाच ईमेल मागतात त्यालाही कारण आहे. २०१५ मध्ये बायोमेड सेंट्रलला खोट्या ईमेल पत्त्यांवरून झालेल्या ‘परीक्षणा’पायी ४३ पेपर मागे घ्यावे लागले.

आणि शेवटी जर्नलच्या खरेपणाचा प्रश्न, ज्यात पुणं थेट गुंतलेलं आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २००९ च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक पेपर सक्तीचा केला, २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीला गुणांक जोडले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचं दुकान जोरात चालू लागलं. यूजीसीची २०१७ ची ‘मान्यताप्राप्त’ जर्नलांची यादीही अशा जर्नलांनी भरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी १,००९ जर्नलं तपासली, त्यांतली सुमारे ८८ टक्के निकृष्ट निघाली. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. पुढे यूजीसीची दर्जेदार जर्नलांची नवी ‘केअर’ यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातूनच चाले. २०२२ च्या नियमांनी पीएचडीसाठी पेपरची सक्ती उठवली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीही बंद झाल्याचं जाहीर केलं. पारख आता संस्थेवर आणि गाईडवर आली आहे.

ती करायला पाच मिनिटं पुरतात. जर्नलचा आयएसएसएन (नियतकालिकांचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक अधिकृत पोर्टलवर टाकून नाव आणि संकेतस्थळाचा पत्ता जुळतो का पाहा, कारण बंद पडलेल्या चांगल्या जर्नलचं नाव उचलून बनावट साइट काढल्या जातात. संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का ते बघा. छपाईशुल्क आधी लिहिलेलं आहे की स्वीकृतीनंतर कळतं, ते तपासा. आणि आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्याला विचारा, दोन परीक्षक मिळवायलाच कित्येकदा महिना जातो, तर तुमचे कोण आहेत?