फुफ्फुसातला व्रण, चिनी मुळ्या आणि बरा होणारा उंदीर

कोविडनंतर 'फायब्रोसिस', म्हणजे अवयवात घट्ट व्रण साचत जाणं, हा शब्द घरोघरी पोचला आणि त्याच्या मागोमाग काढ्यांचे फॉरवर्डही. त्यातला एक चिनी वनौषधींचा : दानशेन, ह्वांगची या मुळ्या फुफ्फुसातले व्रण विरघळवतात आणि हे म्हणे संशोधनाने सिद्ध झालंय. संशोधन खरंच झालंय, ढिगाने झालंय. फक्त बहुतेक वेळा ते उंदरांवर झालंय.

मुळात व्रण वाढत का जातो, ते पाहण्यासारखं आहे. त्यामागचं मुख्य रसायन टीजीएफ-बीटा. पेशी ते एका प्रथिनाच्या वेष्टनात बंद करूनच बाहेर सोडतात. या वेष्टनाचं एक टोक पेशींभोवतीच्या तंतूंच्या जाळ्याला बांधलेलं असतं, तर दुसरीकडून पेशी त्याला इंटिग्रिन नावाच्या प्रथिनाने धरते आणि ओढते. निरोगी फुफ्फुसातलं जाळं लवचीक असतं. ओढलं की तेही सोबत सरकतं आणि वेष्टन शाबूत राहतं. जाळं ताठ असेल तर मात्र वेष्टन ताणलं जाऊन उघडतं. शाम्पूची पुडी नुसती ओढली तर हातात येते, पलीकडचं टोक कुणी घट्ट धरलं तरच फाटते, तसंच हे.

मोकळं झालेलं टीजीएफ-बीटा हे जाळं विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना गाठतं. त्यांचे मायोफायब्रोब्लास्ट होतात, म्हणजे त्यांच्यात स्नायूसारखे आकुंचन पावणारे ॲक्टिनचे धागे तयार होतात आणि त्या भराभर कोलॅजेन हे तंतूंचं प्रथिन ओतू लागतात. कोलॅजेनने जाळं आणखी ताठ होतं, पेशींची ओढही वाढते आणि आणखी वेष्टनं उघडतात. व्रणच व्रणाला जन्म देतो! मूळ इजा संपली तरी हे चक्र चालू राहू शकतं.

दानशेनमधले काही घटक टीजीएफ-बीटाचा हा संदेश मंदावतात, असं पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण उंदराला फायब्रोसिस होतो कसा? त्याच्या श्वासनलिकेत ब्लिओमायसिन हे कर्करोगाचं औषध सोडतात. पहिला आठवडाभर सूज, मग दोन-तीन आठवड्यांत व्रण. आणि तरुण उंदरात पुढे तो बराचसा आपोआप ओसरतो. साठीतल्या माणसाच्या आयपीएफमध्ये, म्हणजे कारण न सापडणाऱ्या फुफ्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये, असं होत नाही. शिवाय औषध पहिल्याच दिवसापासून दिलं तर ते सूज कमी करतं आणि अहवालात लिहिलं जातं, 'व्रण रोखला'.

सूज कमी केली की भागतं, हा समज आधुनिक वैद्यकालाही महागात पडलाय. प्रेडनिसोन, ॲझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन हा आयपीएफवरचा रूढ उपचार होता. अमेरिकेतल्या चाचणीत तो घेणारे रुग्ण खोटं औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त दगावले आणि २०१२ मध्ये तो उपचार सोडावा लागला. पिरफेनिडोन आणि निनटेडानिब मात्र माणसांवरच्या चाचण्यांतून पार पडली. अमेरिकेत त्यांना २०१४ मध्ये मान्यता मिळाली. तीही आजाराचा वेग कमी करतात, झालेला व्रण पुसत नाहीत. मग एखादी मुळी तो विरघळवते म्हणणाऱ्याने निदान माणसांवरची मोठी चाचणी तरी दाखवावी.

चिनी म्हणून सगळंच टाकाऊ, असंही नाही. हान-फांगची या मुळीतून मिळणारं टेट्रॅन्ड्रिन चीनमध्ये सिलिकोसिसवर, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फायब्रोसिसवर, वापरलं जातं. पण याच मुळीची एक गोष्ट फॉरवर्डमध्ये येत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात गोळ्यांमध्ये ही मुळी घालायची होती. तिच्या जागी ग्वांग-फांगची ही वेगळीच वनस्पती गेली. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने शंभरच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, कित्येकींवर डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आणि मूत्रपिंडात आढळलं काय, तर फायब्रोसिस!

आपल्याकडे सर्पदंशावर सांगितली जाणारी ईश्वरी, म्हणजे सापसण, ग्वांग-फांगचीच्याच कुळातली. ॲरिस्टोलोकिक आम्ल तिच्यातही असतं.