दिवंगत पूर्वपतीच्या मिळकतीतून थकीत पोटगीची वसुली

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने (न्यायालयाच्या निर्णायक आदेशाने) ठरलेली पोटगी पूर्ण न चुकवता पूर्वपती मरण पावल्यास राहिलेली रक्कम त्याच्या मागे उरलेल्या मिळकतीतून वसूल करण्याचा घटस्फोटितेचा हक्क. भारतीय कायद्यानुसार ती पूर्वपतीची वारस नसते. हिंदू वारसा कायद्यातील ‘विधवा’ या संज्ञेत ती बसत नाही आणि हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २१ मधील आश्रितांतही तिची गणना होत नाही. त्यामुळे मिळकतीत वाटा न मागता ती धनको (येणे असलेली व्यक्ती) म्हणून उभी राहते. हे स्थान वरकरणी दुय्यम वाटले, तरी देणी भागल्यावर उरेल तेच वारसांच्या वाट्याला येत असल्याने ते तसे कमकुवत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ५० प्रमाणे हुकूमनाम्याची पूर्तता होण्याआधी ऋणको (देणेकरी) वारला, तर दरखास्त (हुकूमनामा बजावण्यासाठीचा अर्ज) त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींविरुद्ध चालवता येते. मात्र मृताची जेवढी मिळकत प्रतिनिधीच्या हाती आली असेल तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी असते. नऊ लाखांची थकबाकी असताना मुलाच्या हाती चार लाखांचीच मिळकत आली असेल, तर उरलेल्या पाच लाखांसाठी त्याच्या स्वतःच्या पगाराला हात लावता येत नाही. घटस्फोटितेची स्वतःची मुलेही पित्याची वारस असतात, त्यामुळे तिच्या दरखास्तीत कधी कधी तीच सामनेवाले म्हणून येतात. विशेष विवाह कायद्याच्या कलम ३७ खालील पोटगीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये असे ठरवले, की पोटगीची रक्कम निश्चित होऊन हुकूमनामा झाला असेल, तर मिळकतीवर बोजा (देण्यासाठी ती मिळकत बांधून ठेवणारा हक्क) ठेवलेला नसला तरी तो हुकूमनामा मृताच्या मालमत्तेवर बजावता येतो.

तरीही बोजाचे महत्त्व कमी होत नाही. हिंदू विवाह कायद्याचे कलम २५ न्यायालयाला गरज असल्यास पोटगीचा बोजा स्थावर मिळकतीवर ठेवण्याची मुभा देते. परस्पर संमतीच्या घटस्फोटात एकरकमी आकड्याची घासाघीस होते आणि हे कलम बहुधा दुर्लक्षित राहते. बोजाची माहिती नसलेल्या व मोबदला देऊन खरेदी करणाऱ्या त्रयस्थाविरुद्ध तो सहसा बजावता येत नाही. म्हणून महाराष्ट्रात शेतजमिनीवरील बोजाची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात करून घेणे शहाणपणाचे ठरते.

मृताच्या नावाची प्रत्येक रक्कम मात्र या मागणीच्या कक्षेत येत नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम १० प्रमाणे निधीची रक्कम नामनिर्देशिताकडे मृताच्या कर्जापासून मुक्त होऊन जाते. पुन्हा लग्न करून त्याने नव्या पत्नीच्या हितासाठी विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा कायदा, १८७४ खाली घेतलेल्या विमा पॉलिसीवरही धनकोंचा हक्क पोहोचत नाही. याउलट मुस्लिम विधीत न दिलेला मेहेर (विवाहात पतीने पत्नीला देण्याचे कबूल केलेली रक्कम) हे पतीचे कर्ज मानले जाते आणि त्याचे वारस आपापल्या वाट्याच्या प्रमाणात त्यास बांधील असतात.

मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १३६ नुसार दरखास्तीस बारा वर्षांची मुदत असून दरमहा देय पोटगीच्या बाबतीत ती प्रत्येक हप्ता चुकल्याच्या तारखेपासून स्वतंत्रपणे मोजली जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालील पोटगीच्या आदेशाचे वसुली वॉरंट मिळवण्यासाठी मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि चुकवेगिरीबद्दल त्यात असलेला कारावास वारसांना देता येत नाही.