क्लोझापिन आणि क्लोझारिल : गोळी तीच, नाव वेगळं

क्लोझापिन हे औषधाचं नाव. क्लोझारिल आणि लेपोनेक्स ही कंपनीने त्याला दिलेली नावं. सांगायला हे एवढंच आहे, पण घरात छिन्नमनस्कतेचा (स्किझोफ्रेनियाचा) रुग्ण असेल तर एवढ्याने समाधान होत नाही. रोजच्या सवयीची गोळी बदलते, रंग वेगळा, आकार वेगळा, स्ट्रिपवर अनोळखी नाव. कष्टाने सावरलेलं माणूस पुन्हा ढासळेल की काय, ही धास्ती खरी असते. क्लोझापिनच्या बाबतीत तर त्या धास्तीमागे मोठा इतिहास आहे.

१९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं आणि मनोविकारांवर गोळीने उपचार होऊ लागले. भ्रम-भास ओसरायचे, पण अंग ताठायचं, हात थरथरायचे. हा ताठरपणा म्हणजेच औषध लागू पडल्याची खूण, असंही पुढे मानलं जाऊ लागलं. बर्नच्या वांडर कंपनीत तयार झालेल्या क्लोझापिनमध्ये तो जवळपास नव्हताच, त्यामुळे हे मनोविकारावरचं औषध आहे यावरच अनेकांचा विश्वास बसेना. अखेर १९७२ मध्ये स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात ते लेपोनेक्स नावाने विक्रीला आलं.

तीनच वर्षांनी फिनलंडमध्ये हे औषध घेणारे आठ रुग्ण दगावले. रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या होत्या की शरीराला संसर्ग परतवता येईना. याची सुरुवात बहुधा घसादुखी आणि तापाने होते, म्हणूनच ती नजरेतून निसटते. अनेक देशांत औषध मागे घेतलं गेलं.

ते कायमचं गेलं नाही, कारण दुसरं काहीच लागू न पडणाऱ्यांना त्याने गुण येत होता. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात असे २६८ रुग्ण होते. सहा आठवड्यांत क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांपैकी फक्त ४ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेत परवानगी मिळाली, दर आठवड्याच्या रक्ततपासणीच्या अटीवर. सँडोझ कंपनीने क्लोझारिल आणि तपासणी एकत्रच विकायला काढली. खर्च वर्षाला सुमारे ९,००० डॉलर. ज्यांना या औषधाची सर्वाधिक गरज, त्यांनाच ते परवडेना. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत वेदनादायक पान आहे. राज्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं, तेव्हा कुठे औषध आणि तपासणी वेगळी झाली.

१९९७ मध्ये अमेरिकेत जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या, क्लोझापिनला मंजुरी मिळाली. जेनेरिकला मूळ औषधाइतकेच प्रयोग पुन्हा करावे लागत नाहीत, पण गोळीतलं औषध रक्तात किती आणि किती वेगाने उतरतं हे मूळ गोळीशी ताडून दाखवावं लागतं. दोन्हींच्या सरासरीचं गुणोत्तर, त्याच्या विश्वासमर्यादांसह (म्हणजे अंदाजातली अनिश्चितता धरून), ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावं लागतं. याचा अर्थ गोळीत २० टक्के औषध कमी चालतं, असा मुळीच नाही, तरी हा गैरसमज सगळीकडे ऐकू येतो. रंग, चव, गोळी बांधून ठेवणारे घटक वेगळे असू शकतात. मूळ रेणू तोच.

तरीही गोळी बदलल्यावर त्रास जाणवला तर तो डॉक्टरांना सांगायलाच हवा. मात्र त्याच सुमारास सिगारेट सुटली आहे का, हेही त्यांना सांगा. धुरामुळे यकृत क्लोझापिनचा निचरा वेगाने करतं. धूम्रपान थांबलं की त्याच डोसवर रक्तातली मात्रा बरीच चढू शकते.

पांढऱ्या पेशींचा धोका रेणूचा आहे, ब्रँडचा नाही. जेनेरिक घेतलं म्हणून रक्ततपासणी टळत नाही. अमेरिकेत सुरुवातीला प्रत्येक कंपनी आपल्या रुग्णांची वेगळी नोंद ठेवायची. २०१५ मध्ये सगळ्यांसाठी एकच नोंदणी आली, आणि २०२५ मध्ये एफडीए या तिथल्या औषध नियामक संस्थेने तिची सक्तीही काढून टाकली. न्यूट्रोफिल तपासत राहण्याची सूचना मात्र औषधाच्या माहितीपत्रकात कायम आहे : पहिले सहा महिने दर आठवड्याला, पुढचे सहा महिने पंधरवड्याला, त्यानंतर महिन्यातून एकदा.