जांघेतून मेंदूपर्यंत: कॉइलिंगची पार्श्वभूमी

सोलापूरच्या उन्हाळ्यात डोकं दुखलं की खापर उन्हावर नाहीतर पित्तावर फुटतं. पण क्षणात कळसाला पोचलेली डोकेदुखी, उलटी आणि आखडलेली मान दिसली, तर मेंदूतल्या धमनीचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटला असू शकतो. तो पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. म्हणून लिंबू-सरबतात वेळ न घालवता सीटी स्कॅन गाठावा. असा फुगा रक्तवाहिनीतूनच आत जाऊन प्लॅटिनमच्या तारेच्या वेटोळ्यांनी, म्हणजे कॉइलने, बुजवणं म्हणजे कॉइलिंग.

हे फुगे जिवंत माणसात दिसू लागले ते १९२७ नंतर, लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूची अँजिओग्राफी केल्यावर. १९३७मध्ये वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुग्याच्या मानेला, म्हणजे धमनीला जोडलेल्या तोंडाला, चांदीची क्लिप लावली आणि पुढे कित्येक दशकं तोच राजमार्ग राहिला. सत्तरच्या दशकात मॉस्कोच्या फ्योदोर सर्बिनेंको यांनी रक्तवाहिनीतूनच सुटा होणारा छोटा बलून आत सोडला. कल्पना भन्नाट, पण बलूनचा आकार ठरलेला आणि ॲन्युरिझम वेडावाकडा. भिंतीवर ताण यायचा.

त्यावर तोड काढली इटलीचे डॉक्टर ग्विदो ग्युलिएल्मी यांनी. प्राण्यांवरच्या प्रयोगात विजेचा प्रवाह सोडताना इलेक्ट्रोडचं टोक गळून पडलं आणि त्या अपघातातूनच सुटणारी प्लॅटिनमची कॉइल सुचली. १९९०मध्ये लॉस एंजेलिसला ती पहिल्यांदा रुग्णात वापरली गेली.

आजही रीत तीच. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून जाड कॅथेटर (पोकळ नळी) गळ्यापर्यंत, त्यातून मायक्रोकॅथेटर, म्हणजे आणखी बारीक नळी, फुग्यात. पहिली कॉइल पिंजऱ्यासारखी बसते, पुढच्या मऊ कॉइल पोकळी भरतात. धातूने साधारण पाव जागा व्यापली तरी पुरतं. उरलेल्या जागेत रक्त गोठतं. नळीचं किंवा कॉइलचं टोक फुग्याच्या भिंतीतून आरपार गेलं तर पुन्हा रक्तस्राव, कॉइलवर गुठळी झाली तर उलट लकवा. फुग्याची मान रुंद असेल तर कॉइल मुख्य धमनीत घसरते. म्हणून तिथे बलूनचा आधार देतात.

कॉइलिंग आणि क्लिपिंगची तुलना करणाऱ्या २००२च्या 'आयसॅट' चाचणीत २,१४३ रुग्ण होते. वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबन कॉइलिंगमध्ये २३.७ टक्के, क्लिपिंगमध्ये ३०.६ टक्के. मात्र त्यात दोन्ही उपाय चालतील असेच रुग्ण घेतले होते, हे बरेचदा सांगितलं जात नाही. शिवाय रक्तदाबामुळे मेंदूच्या आत खोलवर झालेल्या रक्तस्रावात बुजवायला फुगाच नसतो. तिथे कॉइलचा उपयोग नाही.

कॉइलिंग झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. निमोडिपिन हे औषध सहसा २१ दिवस चालतं, आणि कॉइल दबून फुगा पुन्हा भरतोय का, हे पाहायला काही महिन्यांनी अँजिओग्राफी लागते. ती चुकवू नये.