कोपराला मध: ग्रनविकचा संप आणि ब्रिटनच्या युनियन

परदेशातून आलेल्या कामगारांनी युनियनच्या भरवशावर राहावं का, हा प्रश्न ब्रिटनमध्ये ऐरणीवर आणला तो ग्रनविकच्या संपाने. आधीचा अनुभव कडूच होता. ब्रिस्टलच्या बसगाड्यांवर काळे कामगार नकोत, हा ठराव १९५५ साली वाहतूक कामगारांच्या युनियनच्या स्थानिक शाखेनेच केला होता. लेस्टरच्या इम्पीरिअल टाइपरायटर्समध्ये १९७४ साली आशियाई कामगार संपावर गेले, तेव्हा त्याच युनियनच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी हात वर केले.

ग्रनविक हा लंडनच्या विल्सडेन भागातला फोटो धुण्याचा कारखाना. गिऱ्हाइकांचे रोल पोस्टाने यायचे, फोटो पोस्टानेच जायचे. कामाला बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका. सक्तीच्या ओव्हरटाइमला कंटाळून ऑगस्ट १९७६ मध्ये त्यांच्यातल्या जयाबेन देसाई काम सोडून बाहेर पडल्या आणि संप सुरू झाला. 'एपेक्स' या कारकुनी कामगारांच्या युनियनने संपकऱ्यांना सभासद करून घेतलं, संपभत्ताही दिला. कंपनीने मात्र सगळ्या १३७ संपकऱ्यांना काढून टाकलं. यात मेख होती: निवडक लोकांना काढलं असतं तर त्यांना न्यायाधिकरणात दाद मागता आली असती. सरसकट काढल्यावर तो रस्ताच बंद.

कंपनीची नाडी होती पोस्टात. जवळच्या क्रिकलवूडच्या टपाल कामगारांनी तिचं टपाल हाताळायला नकार दिला आणि मालक खरोखर घायकुतीला आला. पण टपाल अडवणं १९५३ च्या कायद्याने गुन्हा होता. प्रकरण कोर्टात जाताच टपाल युनियनच्या वरिष्ठांनी माघार घेतली, आणि १९७७ मध्ये पुन्हा अडून बसलेल्या आपल्याच सभासदांवर कारवाई केली.

साधे सभासद मात्र धावून आले. १९६८ साली इनॉक पॉवेल या स्थलांतरितांविरोधी पुढाऱ्याच्या बाजूने मोर्चे काढणाऱ्या लंडनच्या गोद्यांमधूनही कामगार बॅनर घेऊन गेटवर आले. ११ जुलै १९७७ ला तिथे सुमारे २०,००० लोक होते. सरकारने नेमलेल्या स्कारमन चौकशीने कामगारांना परत घ्या म्हणून सांगितलं, कंपनीने ते धुडकावलं. नोव्हेंबरमध्ये देसाईंसह काही जण टीयूसी या युनियनांच्या महासंघाच्या कचेरीबाहेर उपोषणाला बसले, तर एपेक्सने त्यांनाच निलंबित करून भत्ता थांबवला. युनियनचा पाठिंबा म्हणजे कोपराला लावलेला मध, वास येतो पण चाटता येत नाही, असं देसाई म्हणाल्या. आपल्याकडे कोपराला गूळ लावतात, तेच.

१४ जुलै १९७८ ला संप हरला. क्रिकलवूडने दिली तशी, दुसऱ्या मालकाकडच्या संपाला साथ आज द्यायची म्हटली, तर १९९० पासूनच्या कायद्यानुसार युनियनला कसलंच कायदेशीर संरक्षण उरत नाही.